पुढच्या डाव्या चाकाची हवा: चोर सापडला, बेत बदलला

राजेहो, सापडलं एकदाचं! माझ्या मारुती जिम्नीच्या पुढच्या डाव्या चाकातली हवा आपोआप कमी होते असं मागे लिहिलं होतं. ती कुठून जात होती ते कळलं आणि "वॉल्व बदल, वॉल्व बदल" म्हणून माझं डोकं खाणाऱ्या समस्त मंडळींचे अंदाज फसले. वॉल्व नव्हता, बीड (टायरची रिमवर बसणारी कड) नव्हतं, खिळाही नव्हता.

सेटअप तोच, मागे लिहिलेला. जिम्नी झेटा, त्यावर बाहेरून घेतलेले 15 बाय 7 चे, शून्य ऑफसेटचे (गाडीला जोडायची जागा रुंदीच्या बरोबर मध्यावर असलेले) ॲलॉय आणि 215/75 आर 15 चे एटी (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) टायर. रस्तेही तेच. मारेगाव, वणी, मुकुटबन. म्हणजे निम्मा वेळ कोळशाच्या टिपरमागे धूळ खात आणि उरलेला वेळ पांदणीत. झरीकडच्या फाट्यावर गिट्टी पसरून ठेवली आहे, रोलर अजून यायचा आहे. आपल्याकडची काळ्या दगडाची 40 एमएमची गिट्टी तुम्हाला माहीतच आहे, एकेक खडा पात्यासारखा.

तर दुखणं असं होतं. बाकी तीन चाकं 28 पीएसआयवर ठाम आणि हे एकच बेभरवशाचं. कधी रात्रीतून चार पीएसआय गायब, कधी चार-चार दिवस काटा जागचा हलत नाही. सगळ्यात जास्त वैताग याच गोष्टीचा होता. सरळ गळतं चाक परवडलं, भरलं की निघालं. पण हे कधी फसवेल याचा नेम नाही. थंडीमुळे असेल म्हणावं, तर पाच-सहा अंशांमागे साधारण एक पीएसआय पडतो हे मान्य, पण थंडी काय एकाच चाकाला वाजते? पहाटे चारही चाकं एकदम मोजली की फरक उघडा पडायचा.

गावातल्या पंक्चरवाल्याने चाक टाक्यात बुडवलं, गोल फिरवलं, बीडवर साबणाचं पाणी मारलं. एक बुडबुडा नाही. वॉल्व बदलला, तरी तेच. बीड सोडवून, कडा घासून, सीलर लावून पुन्हा बसवलं, तरी तेच. शेवटी तो म्हणाला, "भाऊ, चाकात काईच नाई, तुमच्या गेजमंदीच घोळ हाय." गेजवर संशय घेतलेला मला खपत नाही. माझा साधा काट्याचा गेज आहे आणि तो मी दोन ठिकाणी ताडून पाहिलेला आहे. उलट पंपावरच्या हवेच्या मशीनवर माझा काडीचा विश्वास नाही. एकाच चौकातली दोन मशीन एकाच चाकाला वेगवेगळा आकडा दाखवतात. गेज स्वतःचाच ठेवा, यावर मी वाद घालणार नाही.

मग डोक्यात आलं की गाडी उभी राहते तेव्हा चाकाचा कुठला भाग खाली असतो, ते तरी पाहावं. खडूने टायरवर घड्याळासारखे आकडे टाकले, वॉल्व म्हणजे बारा. रोज संध्याकाळी गाडी लावली की जमिनीला टेकलेला आकडा आणि प्रेशर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं, सकाळी पुन्हा मोजायचं. घरच्यांनी हसून घेतलं. पण थोड्याच दिवसांत चित्र असं स्पष्ट झालं की मीच चाट पडलो. चार किंवा पाच खाली असला की हवा जाते. दहा, बारा, दोन खाली असले की काहीच होत नाही. मग मुद्दाम पाच खाली येईल अशी गाडी ढकलून लावली. सकाळी 23! कमी हवा पाहून एवढा आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

अर्थ सरळ होता. गाडीचं वजन पडलं की चाकाची ती जागा उघडते, वजन उचललं की मिटते. टाक्यात बुडवताना चाकावर वजन कुठे असतं? बुडबुडे दिसणार कसे?

पुढचं काम वणीच्या एका वर्कशॉपात झालं. खाणीतल्या मशीनचे बकेट आणि पिना दुरुस्त करणारे लोक, त्यांना तडे शोधायची सवय. त्यांच्याकडे डाय पेनेट्रंटचे तीन डबे असतात: क्लीनर, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर. टायर उतरवला, चार ते सहाच्या मधली आतली बाजू चकाचक पुसली, लाल रंग मारला आणि चहा होईस्तोवर मुरू दिला. मग वरचा रंग फडक्याने पुसून काढला आणि पांढऱ्याचा हलका हात मारला. आधी काही नाही. मग पांढऱ्यावर एक लाल ठिपका उमटला, त्याच्याखाली दुसरा, आणि बघता बघता आतल्या कडेपासून बीड बसते त्या जागेपर्यंत तीनेक सेंटिमीटरची केसासारखी लाल रेघ उठली. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. नखालाही लागत नव्हतं.

आता हे ॲलॉय काही फुटपाथवरचे नाहीत. मागच्या बाजूला जेडब्ल्यूएलचा (ॲलॉय चाकांच्या जपानी मानकाचा) शिक्का आहे, 690 किलोचा लोड ओतीव अक्षरात आहे. जिम्नीचं भरल्या गाडीचं वजन 1545 किलो, म्हणजे लोडच्या हिशोबात ताण नाही. मग तडा का? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. शिक्क्यामागच्या आघाताच्या चाचणीत चाक 13 अंश तिरकं ठेवून वजन पाडतात ते बाहेरच्या कडेवर, फुटपाथला धडकल्यासारखं. आपला खड्डा मारतो आतल्या कडेला. बाहेरच्या कडेला स्पोकचा आधार जवळ असतो, आतली कड एकटीच लोंबकळते. त्यामुळे दुकानात ॲलॉयचं तोंड पाहून काही कळत नाही, चाक पालथं करून आतली कड किती जाड आहे ते चाचपावं. फ्लो फॉर्मिंगवाल्या चाकात हीच पन्हाळी (टायर बसतो तो गोल भाग) गरम असताना रोलरखाली दाबून ताणतात, धातू दाट होतो, म्हणून साध्या ओतीव चाकापेक्षा ती इथे तगते. फोर्ज्ड (दाबून घडवलेलं) तर उत्तमच, पण तेवढ्या पैशात एका एकराची ठिबक होते.

दुसरी गोष्ट रुंदीची. 215/75 चा टायर साडेपाच ते सात इंची रिमवर चालतो. सातवर तो ताणून उभा होतो, रबर कडेच्या बाहेर फुगतच नाही आणि दगड थेट धातूला भिडतो. साडेपाचवर तोच टायर दोन्ही बाजूंनी कडेवर ओघळतो आणि कड झाकली जाते. शिवाय शून्य ऑफसेटमुळे चाक कंपनीच्या साडेपाच इंची डिस्कपेक्षा (म्हणजे लोखंडी चाकापेक्षा) 24 मिलिमीटर बाहेर आणि 14 मिलिमीटर आत गेलंय. दारावर चिखलाची नक्षी उठते ती या 24 मुळे.

वेल्डिंगवाल्याला विचारलं. तो प्रामाणिक निघाला: "आर्गन लावून देतो भाऊ, पन पुढं लावू नोका. मांगं लावा, नाई तं स्टेपनीत टाका." बरोबरच आहे. ओतीव ॲल्युमिनियमला टी6 नावाच्या पद्धतीने उष्णता देऊन कडक केलेलं असतं. वेल्डच्या आजूबाजूचा तो कडकपणा उतरतो आणि पुढचा तडा वेल्डच्या शेजारूनच निघतो. मी ते चाक वेल्ड करणार नाही. स्टेपनीतही ठेवणार नाही, कारण स्टेपनी लागते ती नेमकी रात्री आणि रपट्याजवळ.

तर बेत असा केला होता की जुन्या डिस्क पुढे आणि उरलेले ॲलॉय मागे. टायर एकाच मापाचे असल्याने फोर-एचमध्ये (चारही चाकांना जोर लावला की) घेर जुळतो, पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण नाही. आणि पुढचीच चाकं इंजिनचं वजन आणि ब्रेक घेऊन खड्ड्यात उतरतात, म्हणजे मजबुती तिथेच हवी. कागदावर छान वाटलं. पण मग स्टेपनी कुठली? कंपनीच्या डिस्कवरचं 195/80 ठेवलं तर बाहेरचा व्यास 693 मिलिमीटर, माझ्या 215/75 चा 703. दीड टक्क्याचा फरक, चिखलात फोर-एच लावली तर चालून जाईल, डांबरावर नाही. आणि डांबर कुठे संपतं ते आपल्याकडे कुणालाच सांगता येत नाही.

हे लिहीत असतानाच भाच्याचा फोन आला. वरोऱ्याला एकाने नव्या झेटाला ॲलॉय लावले, त्याच्या डिस्क घरात धूळ खात पडल्यात, म्हणे. त्या मिळाल्या तर पुढे-मागेची खिचडी कशाला? पाचही चाकं साडेपाच इंची लोखंडी डिस्कची, पाचही टायर एकच, आणि पाच चाकांचं रोटेशन. वजनाची भीती घालणाऱ्यांसाठी: कापसाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दोन्ही ठेवून पाहिले, सात इंची ॲलॉय आणि साडेपाच इंची डिस्क यांत अर्धा किलोचाही फरक नाही. "ॲलॉय म्हणजे हलकं" हे निदान माझ्या सेटपुरतं तरी खोटं निघालं. डिस्क वाकली तर करंजीचा माणूस हातोड्याने तासाभरात बेंड काढून देतो. ॲलॉयला तो हातही लावत नाही.

टायर तेच राहतील. गिट्टीवर आणि मुरमावर एटी झकास चालतात, बाजूच्या भिंतीवर ओरखडे आहेत पण चीर एकही नाही. काळ्या मातीत मात्र पाऊस पडला की खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होतो, तिथे एमटीशिवाय (मोठ्या खाचांच्या, खास चिखलाच्या टायरशिवाय) पर्याय नाही. पण वर्षातले आठ-नऊ महिने डांबरावर एमटीचा भोंगा ऐकायची माझी तयारी नाही. हवेचंही एक सांगतो: आराम वाटतो म्हणून गिट्टीवर 20 ला उतरणारे भाऊ आहेत, त्यांच्या टायरला काही होत नाही, पण खड्ड्यात रबर दबून मार थेट रिमला बसतो. मी 28 वरच चालवतो, 24 फक्त चिखलात, आणि बाहेर आलो की लगेच छोट्या कॉम्प्रेसरने भरतो. तो कॉम्प्रेसर घोड्यासारखा ओरडतो, पण काम करतो.

वरोऱ्याला जाताना खडू घेऊन जाणार आहे. डिस्क आधी बॅलन्सिंग मशीनवर नुसती फिरवून पाहायची, आतल्या कडेला खडू टेकवायचा. एकाच जागी रेघ उमटली तर ती डिस्क वाकडी, सगळीकडे सारखी उमटली तर पैसे मोजायचे. नट कंपनीचेच वापरणार, 12 बाय 1.25 चे, आणि घरी येऊन टॉर्क रेंचने 100 न्यूटन मीटरला कसणार. दुकानातल्या हवेच्या बंदुकीने कसलेले नट रस्त्यात टामीवर उभं राहूनही सुटत नाहीत.

साडेपाच इंची डिस्कवर 215/75 चालवणारं कुणी असेल तर एवढं कळवा: वळणावर मागचा भाग डुलतो का, आणि डुलत असेल तर मागे किती हवा ठेवता? उरलेल्या तीन ॲलॉयवर गिऱ्हाईक आहे, पण लाल रंगाची चाचणी झाल्याशिवाय मी ते कुणाला देणार नाही. वणीवाल्याला तिन्हींचं सांगून ठेवलंय.