व्हिएन्ना: फ्रॉइडचं घर बघायला गेलो आणि मारिएन्टालला अडकलो

व्हिएन्नाला जायचं पक्कं झालं तेव्हा नवऱ्याने राजवाडे, ऑपेरा, चॉकलेट केक अशी यादी केली आणि मी माझी वेगळी केली, तिच्यात नुसते पत्ते होते. बीएला सायकॉलॉजी घेतलेल्या कुणालाही विचारा, पुस्तकातली किती नावं या एकाच शहरातली निघतात! मनोविश्लेषण सुरू करणारा फ्रॉइड, त्याची मुलगी अ‍ॅना, अ‍ॅडलर, जगण्याच्या अर्थावर लिहिणारा फ्रँकल, लहान मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या मेलनी क्लाइनचा जन्मही इथलाच. एवढी माणसं एका गावात, तीही एकमेकांशी भांडत, म्हटलं निदान त्यांचे जिने तरी चढून येऊ.

बेर्गगासे १९. उताराचा रस्ता आणि साधी चारचौघांसारखी बिल्डिंग, फ्रॉइडच्या काळात खाली खाटकाचं दुकान होतं आणि वर हा स्वप्नांचा अर्थ लावत बसायचा. १८९१ ते १९३८, म्हणजे ४७ वर्षं एकाच पत्त्यावर! आधीच सांगते, पेशंट ज्यावर आडवा पडून बोलायचा तो जगप्रसिद्ध कोच इथे नाहीये. तो लंडनला आहे, कारण फ्रॉइड ज्यू, १९३८ च्या जूनमध्ये तो नाझींच्या तावडीतून निघाला तेव्हा सामानही मागोमाग गेलं. त्यामुळे तिकीट काढून आत गेलात की बऱ्याच खोल्या रिकाम्याच दिसतात आणि लोकांचे चेहरे पडतात. आमच्या पुढच्या ग्रुपमधली एक मुलगी कोच कुठे, कोच कुठे करत दोनदा फिरून आली. मला मात्र ते रिकामपण पटलं, जे नेलं गेलं ते नेलं गेलं, खोटा कोच आणून ठेवला नाही हे बरंच केलं. वेटिंग रूमचं फर्निचर तेवढं खरं आहे, १९७१ ला म्युझियम सुरू झालं तेव्हा अ‍ॅनाने परत दिलेलं.

याच वेटिंग रूममध्ये १९०२ पासून दर बुधवारी रात्री फ्रॉइडच्या विचारांत रस असलेली मंडळी जमायची, काळी कॉफी, केक आणि सिगारचा धूर, आणि आज कोणी बोलायचं ते चिठ्ठी काढून ठरायचं. पहिल्या चार-पाच जणांत अ‍ॅडलर होता. तिथे उभं राहून गंमत वाटत होती कारण स्वप्नांवरचं ते मोठं पुस्तक १८९९ च्या शेवटी आलं (वर साल १९०० छापलेलं) आणि त्याच्या ६०० प्रती खपायला आठ वर्षं लागली, म्हणजे तेव्हा या खोलीबाहेर त्याला विचारत कोण होतं! फ्रॉइडच्या किती थिअऱ्या आज टिकल्यात यावर दोन दिवस वाद घालता येईल, मी स्वतः अर्ध्याहून जास्त सोडून देईन, पण पेशंटला बोलू द्यायचं आणि आपण गप्प बसून तास तास ऐकायचं हे काम म्हणून करता येतं ही गोष्ट या घरातून जगभर गेली. अ‍ॅनाने नंतर इथेच लहान मुलांसाठी प्रॅक्टिस चालवली, आपण सहज 'डिफेन्स मेकॅनिझम' म्हणतो, म्हणजे नकोशा भावनांपासून स्वतःला वाचवायच्या मनाच्या युक्त्या, त्याची नीट मांडणी तिच्या १९३६ च्या पुस्तकातली.

भिंतीवरच्या फोटोंपाशी मात्र पाय थबकतात. निघायच्या थोडे दिवस आधी, मे १९३८ मध्ये, एका तरुण फोटोग्राफरने गेस्टापोची, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांची, नजर असताना फ्लॅश न वापरता अख्खं घर टिपून ठेवलं, त्याचं नाव एडमंड एंगेलमान. घर कसं भरलेलं होतं ते त्यामुळेच कळतं. फ्रॉइड सुटला, पण त्याच्या चार म्हाताऱ्या बहिणी व्हिएन्नातच राहिल्या आणि चौघीही नाझींच्या छळछावण्यांत संपल्या. हे वाचल्यावर नवरा पण गप्प झाला, जो तोपर्यंत केकच्या दुकानाचा मॅप बघत होता.

अ‍ॅडलरचं थोडक्यात सांगते. १९११ ला तो फ्रॉइडपासून फुटला, न्यूनगंड हा शब्द आपण रोज वापरतो तो त्याच्या विचारातून आलेला, थोरला-मधला-धाकटा यावरून स्वभाव सांगायची सवयही बरीचशी त्याचीच. १९३७ ला स्कॉटलंडमधे ॲबर्डीनला रस्त्यात चालता चालता गेला, आणि त्याच्या अस्थी एडिंबराच्या एका स्मशानात पडून होत्या, २००७ पर्यंत कुणाला पत्ताच नव्हता! २०११ मध्ये त्या व्हिएन्नाच्या मोठ्या दफनभूमीत आणल्या.

फ्रँकलचं घर फ्रॉइडच्या घरापासून पायी जाण्यासारखं, मारियानेनगासे १. शाळेत असताना हा पोरगा फ्रॉइडला पत्रं लिहायचा आणि फ्रॉइड उत्तर द्यायचा, नंतर अ‍ॅडलरकडे गेला आणि तिथून १९२७ ला हाकलला गेला. पुढे तेरेझीन, आउशविट्झ आणि आणखी दोन छावण्या, आई, वडील, भाऊ, पहिली बायको सगळे गेले, आणि १९४५ ला परत येऊन त्याने याच घरात बिऱ्हाड केलं ते १९९७ ला जाईपर्यंत. ज्या गावाने आपल्याला गाडीत भरून पाठवलं त्याच गावात राहायचं! मला हे जमलं नसतं. तिथलं म्युझियम छोटं आहे, वाचायचं खूप आहे, घाईने जाऊ नका.

आता मारिएन्टाल. हे नाव माझ्या यादीत सगळ्यात खाली होतं आणि नवऱ्याने विचारलं तिथे काय आहे तर मला म्हणावं लागलं, काही नाही, एक बंद पडलेली गिरणी आहे. व्हिएन्नाच्या मुख्य स्टेशनवरून लोकल गाडीने ग्रामाटनॉयझीडल, अर्धा तासही लागत नाही, आजूबाजूला सपाट शेतं. स्टेशनवरून चालत गेलं की कामगारांच्या लांबच लांब बैठ्या खोल्यांच्या रांगा दिसतात, आणि मी परळची असल्यामुळे मला कुणी सांगायची गरज नव्हती की हे काय आहे.

झालं असं की १९३० च्या सुरुवातीला इथली कापड गिरणी पूर्ण बंद झाली आणि ४७८ कुटुंबांचं गाव जवळजवळ अख्खंच बेकार झालं. व्हिएन्नाच्या तीन तरुण संशोधकांना, मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझल, खरं तर अभ्यास करायचा होता कामगारांच्या फुरसतीच्या वेळेचा. समाजवादी पुढारी ओटो बाउअर म्हणे त्यांच्यावर वैतागला, देशात एवढी बेकारी आणि तुम्हाला फुरसतीचं सुचतंय? त्याने या गावाचं नाव काढलं आणि १९३१-३२ च्या हिवाळ्यात टीम इथे आली. याहोडा तेव्हा पंचविशीची पण झालेली नव्हती.

मला यांची पद्धत सगळ्यात आवडली. नुसतं वही घेऊन चौकशा करत फिरायचं नाही, प्रत्येकाने गावात काहीतरी उपयोगाचं काम करायचं असा नियमच होता. कपडे गोळा करून वाटले, फुकट डॉक्टर बसवला, बायकांसाठी कपडे बेतायचे क्लास काढले, आणि हे करता करता सगळं टिपून घेतलं. कोण काय जेवतं, पोरं डब्यात काय नेतात, नाताळला मुलांनी काय मागितलं. लायब्ररीची नोंदवही काढली तर पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलेलं, वर्गणी माफ असूनसुद्धा! वेळच वेळ होता आणि वाचत कोणी नव्हतं. गावातली बाग, जिथे आधी रविवारी लोक नटून बसायचे, ती रान माजून गेली, ती साफ करायला शेकडो हात रिकामे होते तरी. कुत्रं-मांजर हरवलं तर मालक तक्रारही करायचा नाही कारण कुणीतरी खाल्लं असणार हे माहीत असायचं.

आणि तो चालण्याचा प्रयोग. खिडकीआड घड्याळ घेऊन बसायचं आणि मेन रोडवरून जाणाऱ्यांचा वेग मोजायचा, वाटेत कितीदा थांबतात ते लिहायचं. बायका जवळपास दीडपट भरभर, त्यांना घरी चूल, धुणं, शिवण होतंच. पुरुष रेंगाळत, दर थोड्या अंतरावर थांबत. मी त्याच रस्त्यावरून चालत होते आणि मुद्दाम हळू चालून बघितलं, नवरा म्हणाला पाय दुखतोय का.

पुरुषांना दिवसाचा तक्ता भरायला दिला होता, तासातासाला काय केलं. एकाने उठणं, पोरांना शाळेत पाठवणं वगैरे लिहिलं आणि पुढच्या रकान्यात लिहिलं, तेवढ्यात दुपार होते. बस्स.

१९८२ च्या संपानंतर आमच्या चाळीत काय झालं ते आई सांगते त्यात हेच आहे, बायकांनी खानावळी वाढवल्या, पापड लाटले, आणि आजोबा तिन्ही पाळ्यांच्या भोंग्याच्या वेळा तोंडपाठ असलेला माणूस, ते जिन्यात बसायचे. आम्ही लहानपणी त्यांना आळशी समजायचो. पुढे याहोडाने मांडलं की नोकरी पगाराशिवाय आणखी काय काय देते, दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, सगळ्यांचं मिळून एखादं काम, समाजात स्थान, हात चालू ठेवायची सवय, आणि नोकरी गेली की हे पाचही एकदम जातं. तेव्हा बऱ्याच लोकांना वाटायचं की भुकेले कामगार क्रांती करतील. मारिएन्टालमध्ये उलटंच दिसलं, बहुतेक लोक हताश होऊन आपल्यापुरतं जग आखडून बसले.

या अभ्यासाचं पुस्तक १९३३ ला जर्मनीत छापलं तेव्हा मुखपृष्ठावर लेखकांची नावंच नव्हती, नाझींच्या राज्यात ज्यू नावं चालणार नव्हती ना. लाझार्सफेल्ड अमेरिकेला गेला आणि तिथे मोठा समाजशास्त्रज्ञ झाला. याहोडाला १९३६ ला भूमिगत समाजवादी कामासाठी अटक झाली, १९३७ ला देश सोडायच्या अटीवर सोडली, आणि इंग्लंडला गेल्यावर तिने काय केलं तर वेल्समधल्या बेकार खाणकामगारांचा अभ्यास! बाई थांबली नाही. इंग्रजी भाषांतर यायला १९७१ उजाडलं.

गावात या अभ्यासावरचं छोटं म्युझियम आहे, रोज उघडं नसतं म्हणून वेळ आधी बघून जा. माहिती बरीचशी जर्मनमध्ये आहे, फोनवरच्या ट्रान्सलेटरने चाललं. आसपास खायला फार काही सापडलं नाही, पाणी आणि डबा सोबत असू द्या. आणि व्हिएन्नात एकच दिवस असेल तर मी सांगेन, बेर्गगासे सकाळी उघडल्या उघडल्या उरका आणि दुपारची गाडी पकडून इकडे या.