निर्दोष सुटलो 2018 साली, संगणकाला कळलं 2023 साली

‘सदर इसमाविरुद्ध गुन्हा दाखल असून प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.’ चारित्र्य पडताळणीच्या माझ्या अर्जावर हा शेरा आला तेव्हा मला निर्दोष सुटून साडेचार वर्षं झाली होती. निकालाची प्रत घरच्या कपाटात होती. तरी त्या एका ओळीपायी माझे पावणेतीन महिने गेले आणि हातची नोकरी जाता जाता राहिली. हे लिहितानाही चीड येते, पण दुसऱ्या कुणाचे एवढे हेलपाटे वाचले तर बरं, म्हणून लिहितो.

मूळ भांडण बांधाचं. 2014 च्या जूनमध्ये चुलतभावांशी वाद झाला, काठ्या निघाल्या, त्यांनी फिर्याद दिली. आम्ही चौघे आरोपी, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची कलमं 323, 324, 504, 506 सह 34. ठाण्यातच जामीन झाला. त्याआधी बोटांचे ठसे घेतले. पाटीवर काळी शाई रोलरने पसरली आणि एका जमादारांनी माझं एकेक बोट धरून नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कागदावर फिरवलं. दहा बोटं वेगवेगळी, मग खाली चार-चार बोटं एकत्र, शेवटी दोन्ही अंगठे. ‘हात सैल सोडा, जोर मी लावतो,’ असं ते सारखं म्हणत होते. रॉकेलच्या बोळ्याने पुसूनही नखांच्या कडेला दोन दिवस शाई होती. त्या कागदाचं पुढे काय होतं हे विचारायचं तेव्हा सुचलंच नाही. त्याबद्दल शेवटी सांगतो.

कोर्टातल्या चार वर्षांबद्दल लिहीत बसत नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी आम्हा चौघांना निर्दोष सोडलं. चुलतभावांशी आता बोलणंचालणंही आहे.

2023 च्या मे महिन्यात एका शाळेत लिपिक म्हणून माझी निवड झाली. अट एकच होती, पोलिसांचा चारित्र्य दाखला. अर्ज ऑनलाइन भरला, कागद चढवले, शुल्क भरलं, काही अडलं नाही. ‘गुन्हा दाखल आहे का’ या रकान्यात मी खरं ते लिहिलं आणि निकालाची साधी झेरॉक्स जोडली. इथे पहिली चूक झाली. झेरॉक्स कोणी धरत नाही. सही-शिक्क्याची नक्कलच लागते आणि निकाली निघालेलं जुनं प्रकरण अभिलेख कक्षात गेलेलं असतं, त्यामुळे ती मिळायला वेळ लागतो. मला सोळा दिवस लागले. ज्यांच्यावर कधीकाळी केस झाली आणि जे सुटले, त्यांनी गरज नसतानाही आजच दोन नकला काढून ठेवाव्यात.

नक्कल घेऊन 19 जूनला ठाण्यात गेलो. गोपनीय शाखेच्या टेबलावरच्या हवालदारांनी कागद वाचला, मान हलवली आणि म्हणाले, ‘तुमचं बरोबर आहे, पण आमच्याकडं सिस्टीमला पेंडिंग दिसतंय. कोर्टाकडून कळल्याशिवाय आम्ही बदलत नसतो.’ कोर्टात गेलो तर तिथले बाबू म्हणाले, ‘निकाल आम्ही कधीच अपलोड केलाय, मोबाइलवर बघा.’ खरंच दिसत होता. जिल्ह्याच्या कार्यालयात गेलो तर उत्तर मिळालं, ‘नोंद ठाण्याची आहे, ठाण्यानंच दुरुस्त करायची.’ परत ठाण्यात आलो तर आषाढीचा बंदोबस्त लागलेला, ‘एकादशी झाल्यावर या’. एकादशी झाल्यावर गेलो तर ते हवालदार रजेवर. पुढच्या खेपेला टेबलावर दुसरेच गृहस्थ, आणि त्यांचं पहिलं वाक्य, ‘कोर्टाकडून कळल्याशिवाय…’

जुलै असाच गेला. शाळेच्या मुख्याध्यापकांनी एकदा मुदत वाढवली, दुसऱ्यांदा वाढवली आणि मग म्हणाले, ‘सर, माझाही नाइलाज आहे.’ त्या रात्री मला झोप लागली नाही. मी चोरी केली नव्हती, खोटं बोललो नव्हतो, कोर्टाने सोडलेलं होतं. तरी जगापुढे मी आरोपीच होतो.

मग ठरवलं, आता फक्त विनवण्या करायच्या नाहीत, हे चालतं कसं ते आधी समजून घ्यायचं.

पोलिसांची जी संगणक यंत्रणा आहे ती सीसीटीएनएस. केंद्राने 2009 साली 2,000 कोटी रुपयांची ही योजना मंजूर केली. देशभरातली ठाणी एकमेकांना जोडायची आणि गुन्ह्याची प्रत्येक पायरी संगणकावर आणायची, हा तिचा हेतू. प्रत्येक गुन्ह्यासाठी तिच्यात क्रमाने सात फॉर्म असतात. पहिला एफआयआरचा, दुसरा घटनास्थळाच्या तपशिलाचा, तिसरा अटकेचा, चौथा जप्तीचा, पाचवा दोषारोपपत्राचा किंवा अंतिम अहवालाचा, सहावा कोर्टाच्या निकालाचा आणि सातवा अपिलाच्या निकालाचा. पहिले पाच पोलिसांच्याच हातातले. तपासाची कामं आहेत, ती वेळेत भरली जातात, न भरल्यास वरून विचारणा होते. सहाव्या फॉर्मची माहिती मात्र कोर्टातून परत ठाण्यात यावी लागते. ती आली नाही किंवा येऊनही कोणी भरली नाही, तर पाचव्या फॉर्मवर गाडी थांबते आणि संगणक वर्षानुवर्षं ‘न्यायप्रविष्ट’ म्हणत राहतो. माणूस सुटला काय, त्याला शिक्षा झाली काय, सहावा फॉर्म कोरा असेल तर दोन्ही सारखेच.

हे मला कळलं ते ठाण्यातल्या संगणकावर बसणाऱ्या एका तरुण महिला अंमलदारांमुळे. त्यांचं नाव लिहीत नाही, पण उपकार विसरणार नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, ‘काका, तुम्ही इतक्या वेळा आलाय, बसा, बघू या नक्की काय दिसतंय.’ त्यांनी माझा गुन्हा उघडला. डावीकडे फॉर्मची यादी होती. पाचपर्यंत सगळ्यांसमोर तारखा, सहासमोर काहीच नाही. मग त्यांनी माझ्याकडून खटल्याचा सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टाने प्रत्येक खटल्याला दिलेला ओळख क्रमांक, घेतला आणि कोर्टाच्या वेबसाइटच्या पानावर टाकला. त्या पानावर खाली पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक आणि वर्ष असा छोटा तक्ता असतो. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, ‘हे बघा.’ गुन्हा क्रमांक बरोबर होता, वर्ष मात्र 2015 पडलं होतं. दोषारोपपत्र 2015 मध्ये दाखल झालं, तेव्हा कुणीतरी एफआयआरच्या वर्षाच्या जागीही तेच टाकलं असावं. त्यामुळे ठाण्याचा 2014 चा गुन्हा आणि कोर्टाचा 2015 चा गुन्हा ही दोन वेगळी प्रकरणं झाली. आपोआप जुळणार तरी कशी?

आता पोलीस, कोर्ट, तुरुंग, सरकारी वकील आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा अशा पाचही यंत्रणा एकमेकींना जोडण्याचं काम आयसीजेएस नावाने चालू आहे. तिच्या दुसऱ्या टप्प्याला 2022 साली 3,375 कोटी रुपये मंजूर झाले. एकदा भरलेली माहिती सगळीकडे जावी, हेच तिचं सूत्र आहे. ते मला मनापासून पटतं. पण जुन्या प्रकरणात एक आकडा चुकला असेल तर पाचही टोकं जोडूनही तो आरोपी अधांतरीच राहतो, आणि चुकलेला आकडा शोधायचं काम कुणाच्याच टेबलावर नसतं.

सगळ्यात जास्त राग आला तो त्यानंतर. कोर्ट पैरवीचं काम पाहणाऱ्या जमादारांनी कपाटातून एक जाडजूड रजिस्टर काढलं. कापडी पुठ्ठा, कोपरे झिजलेले. माझ्या गुन्ह्यासमोर शेवटच्या रकान्यात लाल शाईने लिहिलं होतं, ‘आ. क्र. 1 ते 4 निर्दोष’, पुढे नोव्हेंबर 2018 ची तारीख आणि सही. म्हणजे ठाण्याला माहीत होतं. निकाल लागला त्याच आठवड्यात कोणीतरी नेमकेपणाने नोंद केली होती. ते रजिस्टर आणि तो संगणक यांच्यात फार तर पंधरा पावलांचं अंतर असेल. ‘कोर्टाकडून कळल्याशिवाय’ हे वाक्य मी दीड महिना ऐकत होतो आणि कळलेलं त्याच कपाटात होतं.

तरी संपलं नव्हतं. सहावा फॉर्म भरायला वरिष्ठांची परवानगी घेतली, तर शेरा आला, ‘अपील झाले नसल्याबाबत दाखला सादर करावा.’ असा दाखला कुठे मिळतो हे कोणीच सांगू शकलं नाही. शेवटी मीच लेखी दिलं की राज्य सरकारच्या खटल्यात निर्दोष मुक्ततेविरुद्ध सरकारने अपील केलं असेल तर त्याची नोंद आपल्याच दप्तरात असणार, मला आजवर कोणत्याही अपिलाची नोटीस मिळालेली नाही, आणि अपिलाच्या निकालासाठी सातवा फॉर्म स्वतंत्र आहे, त्यासाठी सहावा अडवू नये. या शेवटच्या वाक्याने काम झालं. फॉर्मचा नंबर लिहिला की समोरचा माणूस कागद नीट वाचतो, हा माझा अनुभव.

एक राहिलं. तोंडी बोलण्यात मी जून-जुलै घालवले, तसं करू नका. पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. अर्जात गुन्हा क्रमांक व वर्ष, खटल्याचा क्रमांक, सोळा अंकी-अक्षरी सीएनआर आणि निकालाची तारीख एकाखाली एक लिहा, आणि मागणी स्पष्ट लिहा: ‘सीसीटीएनएसमधील न्यायालयीन निकालाचा फॉर्म भरण्यात यावा.’ नुसतं ‘माझे नाव काढून टाकावे’ लिहिलंत तर अर्ज फिरत राहील, कारण नाव काढत नसतात, निकाल नोंदवतात. पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात ‘माझ्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली’ एवढंच विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी अर्ज टाकला आणि दहाव्या दिवशी ठाण्यातून फोन आला. आणि हो, सगळ्यात आधी कोर्टाच्या पानावरचा तो छोटा तक्ता बघा, गुन्ह्याचं वर्ष जुळतंय का.

8 सप्टेंबरला सहावा फॉर्म भरला गेला. भरायला किती वेळ लागला? मी शेजारच्या बाकावर बसलो होतो, वीस मिनिटंसुद्धा नाही. त्या अंमलदारांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि ‘निर्दोष मुक्त’ हे शब्द दाखवले. माझे डोळे भरून आले, त्याची लाज वाटत नाही. फेरअर्जावर आठवड्याभरात दाखला आला आणि मी शाळेत रुजू झालो.

आता त्या शाईच्या कागदाबद्दल. माझे ठसे 1920 च्या कैदी ओळख कायद्याखाली घेतलेले होते. त्याच्या कलम 7 मध्ये साफ लिहिलेलं आहे की आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला, तर कोर्टाने वेगळा आदेश दिला नसेल तर त्याची मापं आणि फोटो नष्ट करायचे किंवा त्याच्या स्वाधीन करायचे. हे मला 2018 मध्ये कुणी सांगितलं नाही, वकिलांनीही नाही. त्या जागी ऑगस्ट 2022 पासून नवा कायदा आला. त्यात नोंदी 75 वर्षं ठेवायची तरतूद आहे, पण आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला, तर सगळे कायदेशीर मार्ग संपल्यावर, कोर्टाने वेगळा आदेश दिला नसेल तर, त्याच्या नोंदी नष्ट करण्याची तरतूदही आहे. त्यासाठी राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो.

याची निकड पूर्वीपेक्षा जास्त आहे. 1897 साली कलकत्त्यात पहिलं अंगुलीमुद्रा केंद्र सुरू झालं. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी तिथे ठशांच्या पत्रिका 1,024 गटांत लावायची पद्धत बसवली. त्या काळात पत्रिका एका खणात असायची आणि ती शोधायला माणसाला त्या खणापर्यंत जावं लागायचं. आता 2022 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या नाफिस या ठशांच्या राष्ट्रीय संगणक यंत्रणेत देशातले ठसे एकत्र तपासता येतात, आणि नोंद झालेल्या प्रत्येकाला दहा अंकी राष्ट्रीय क्रमांक मिळतो. परराज्यात पळालेला चोर यामुळे सापडतो, बेवारस मृतदेहाला नाव मिळतं. हे व्हायलाच हवं होतं. पण अशा साठ्यात माझी पत्रिका पडून असेल आणि तिच्याशेजारी निकाल नसेल, तर उद्या कुठल्या राज्यात कोण मला ‘न्यायप्रविष्ट’ म्हणेल?

4 ऑक्टोबर 2023 ला मी दोन्ही कायद्यांची कलमं लिहून, नक्कल जोडून अर्ज दिला. महिन्याने एका ओळीचं पत्र आलं, ‘आपला अर्ज पुढील कार्यवाहीस्तव वरिष्ठ कार्यालयास सादर करण्यात आला आहे.’ पुढे काही नाही. त्या पत्राचा जावक क्रमांक फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलाय. दर तीन महिन्यांनी तो क्रमांक घालून स्मरणपत्र पाठवतो, पोस्टाने, पोचपावतीसह.