मेलेल्याचं आता काय तपासताय?

"मॅडम, मेलेल्याचं आता काय तपासताय? जिवंत होता तेव्हा काही करायचं होतंत."

भिगवणच्या पुढे, सोलापूर रस्त्याला लागून, मोटरसायकल कडेला लावून एका काकांनी मला हे विचारलं. पहाटेचे सहा वाजत होते आणि माझ्यासमोर एक कोल्हा पडला होता. काकांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यांना वाईट वाटत होतं. हाच प्रश्न घरी आत्या विचारते, शाळेत बोलायला गेले की मुलं विचारतात. तुम्हालाही तो पडला असेल, म्हणून सविस्तर सांगते.

मी पशुवैद्य आहे. रस्त्यावर गाडीखाली आलेले कोल्हे, खोकड, रानमांजरं, उदमांजरं, मुंगसं यांच्या अंगावर आणि पोटात कोणते परजीवी आहेत ते मी शोधते. जिवंत कोल्ह्याच्या आतड्यात काय आहे हे पाहायचं तर त्याला पकडावं लागेल, भूल द्यावी लागेल, आणि तरी आतडं दिसणार नाहीच. विष्ठा तपासता येते, पण पट्टकृमींच्या, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंतांच्या, कितीतरी जातींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारखी दिसतात. मेलेल्या प्राण्यात अख्खा कृमी हाती लागतो. जो जीव गेलाच आहे त्याच्याकडून हे कळतं, त्यासाठी दुसऱ्या कुणाला त्रास द्यावा लागत नाही. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

मात्र दिसला की उचलला, असं चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे मेलेला वन्यप्राणीही सरकारचीच मालमत्ता असतो. वनविभागाची परवानगी लागते, पंचनामा होतो, मगच हात लावायचा. आणि पहाटेच पोचावं लागतं. अंग गार पडायला लागलं की पिसवा निघून जातात, गोचिडीही हळूहळू सुटतात. मे महिन्यात दुपारपर्यंत आतडी इतकी सडतात की पट्टकृमी ओळखू येत नाहीत. उशिरा पोचून "पिसवा नव्हत्या" असं लिहिणं म्हणजे खोटी नोंद करणं.

त्या दिवशी कोल्ह्यापासून वीस पावलांवर एक पोतं पडलेलं होतं. कोंबड्यांची पिसं, बकऱ्याची आतडी, कुणीतरी रात्री आणून टाकलेली. काकांनीच ते दाखवलं. कोल्हा तिथे का आला होता हे वेगळं सांगायची गरज उरली नाही.

आम्ही ज्याला सर्वात जास्त घाबरतो तो एकायनोकॉकस नावाचा पट्टकृमी. लांबी २ ते ७ मिलिमीटर, म्हणजे तिळाएवढा, अंगाचे जेमतेम तीन-चार खंड. तो कुत्र्याच्या आतड्यात राहतो. अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात जातात आणि त्यांच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. कापलेल्या जनावराची ती गाठ कुत्र्याने खाल्ली की चक्र पुरं झालं. कोल्हा आणि लांडगा हीच घाण खातात, म्हणून तेही या चक्रात ओढले जातात. कुत्र्याच्या केसांना चिकटलेली अंडी माणसाच्या तोंडात गेली, तर त्याच्याही यकृतात गाठ वाढते, वर्षानुवर्षं, काहीही न जाणवता. बऱ्याचदा शस्त्रक्रियाच करावी लागते.

म्हणून शव आधी उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवायचं. घरच्या फ्रीजरच्या थंडीत ही अंडी मरत नाहीत. मग आतडं उभं चिरायचं, आतलं अस्तर खरवडायचं, पाण्यात पुन्हा पुन्हा निवळू द्यायचं आणि तळाला बसलेला गाळ काळ्या ताटलीत भिंगाखाली पाहायचा. एका कोल्ह्याला अख्खा दिवस जातो.

काही न सापडणं हेही उत्तर असतं. एकायनोकॉकसचाच एक भाऊबंद युरोपातल्या कोल्ह्यांत, म्हणजे तिथल्या लाल खोकडांत असतो. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये तो नाही, आणि तो नाही हे त्यांना दरवर्षी प्राणी तपासून सिद्ध करावं लागतं. शंभरात एकाला जरी तो असेल तरी ९५ टक्के खात्रीने सापडावा, यासाठी सुमारे ३०० प्राणी लागतात. त्याच पुराव्यावर तिथे बाहेरून येणाऱ्या कुत्र्याला प्रवेशाआधी २४ ते १२० तासांत जंताचं औषध देण्याची सक्ती टिकून आहे.

आपल्याकडे मेलेल्या प्राण्यांनी इशारा दिल्याचं उदाहरण म्हणजे माकडताप. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, तिथूनच हा आजार ओळखला गेला. त्याचा विषाणू गोचीड पसरवते. २०१५ मध्ये तो गोव्यात सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गात आला. तिथल्या लोकांना मेलेल्या माकडाची खबर का द्यायची हे समजावावं लागत नाही.

एक मर्यादाही सांगायला हवी. माझे नमुने रस्ता निवडतो. नवखी पिल्लं, आजारी जनावरं, उकिरड्यावर येणारी जनावरं गाडीखाली जास्त येत असणार. त्यामुळे दहापैकी चार कोल्ह्यांत जंत सापडले, तर रानातल्या चाळीस टक्के कोल्ह्यांना जंत आहेत असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्याच रस्त्यावर वर्षानुवर्षं त्याच पद्धतीने पाहत राहिलं, की काय नवं आलं ते कळतं.

तुम्हाला असा प्राणी दिसला तर हात लावू नका. गाडी सुरक्षित जागी थांबवून फोटो आणि ठिकाण घ्या, वनविभागाला १९२६ वर कळवा.

काकांनी नंबर दिला होता, "काय निघालं ते सांगा" म्हणून. दहा दिवसांनी फोन केला. कोल्ह्याच्या पोटात ब्रॉयलरची पिसं होती आणि बकऱ्याच्या आतड्याचा तुकडा. एकायनोकॉकस नव्हता. होते ते गोलकृमी आणि अंकुशकृमी, आपल्या गावातल्या कुत्र्यांत सापडतात तेच.

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या मोत्याला जंताचं औषध कधी द्यायचं?"

दर तीन महिन्यांनी, म्हटलं, आणि त्यात प्राझिक्वांटेल, म्हणजे पट्टकृमी मारणारं औषध, आहे ना ते डॉक्टरांना विचारून घ्या, कच्ची आतडी अजिबात घालू नका. त्यांनी ते नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, आणि मग नातीला हाक मारून लिहून घ्यायला सांगितलं.