पुडा उलटा करून वाचा

आज भाचीला घेऊन किराणा आणायला गेलो. तिने नाचणी चिप्सचा पुडा उचलला. त्यावर हिरवं पान आणि ठळक अक्षरात 'बेक्ड'. "मामा, हे हेल्दी आहे, घे ना!"

पुडा उलटा केला. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे सुरुवातीची नावं वाचली तरी पुरतं. तांदळाचं पीठ, मका, पामतेल... नाचणीबाई पार पाचव्या नंबरवर! २०२३ हे भरडधान्य वर्ष झाल्यापासून तर ज्वारी-नाचणीचं नाव घेतल्याशिवाय पुडाच निघत नाही. मिठातल्या सोडियमचा आकडाही १०० ग्रॅमचा, म्हणजे आपला हिशोब आपणच करायचा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहा म्हणते.

सगळंच थोतांड आहे असं नाही हं. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक अशा चरबीवर, २ टक्क्यांची मर्यादा आली, तो बदल खरा. पण तो नियमाने आला, हिरव्या पानाने नाही.

पुडा घेतलाच शेवटी. मामा आहे मी! गाडीत बसल्या बसल्या भाचीने फोडला. "मसाला मस्त आहे," म्हणाली. होताही मस्त.