हस्की आणि मे महिना

मे महिन्यातली दुपार, अडीचचा सुमार. लिफ्टचं दार उघडलं आणि आत हस्की. निळे डोळे, अंगावर सायबेरियाच्या बर्फासाठी घडवलेली दुहेरी लव, जीभ पार बाहेर. सोबतचा मुलगा म्हणाला, "काकू, घाबरू नका, काही करत नाही तो." करायचं त्राण कुठे होतं त्याच्यात! "त्याच्यासाठी दिवसभर एसी चालू ठेवतो आम्ही," हेही वर कौतुकाने. आमच्या माहीमच्या बिल्डिंगमध्ये माणसं रात्रीसुद्धा बिल आठवून एसी लावतात.

मुंबईत कुत्रा घ्यायचा म्हटलं की लोक आधी आकार बघतात. घर लहान, म्हणून कुत्रा लहान. मला हे कधीच पटलेलं नाही. ग्रेट डेन वासराएवढा असतो खरा, पण फिरवून आणला की दिवसभर पसरून असतो. बीगल मांडीत मावेल एवढाच, पण मुळात सशांच्या मागे धावणाऱ्या शिकारी टोळीतला. त्याला एकट्याला कोंडून ऑफिसला जा, संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमचंच नाव. आणि हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर जो तो पग आणायला धावला, त्या पगचं नाक इतकं चपटं की आपल्या दमट हवेत नुसता श्वास घेणं हीच त्याला मेहनत.

गिरगावातल्या आमच्या चाळीत कुत्रा कोणी निवडलाच नव्हता. मोती होता. कुठून आला, कुणालाच ठाऊक नाही. पहिल्या माळ्यावर पोळी, दुसऱ्यावर बोंबलाचं डोकं, असं त्याचं वेळापत्रक. गुरुवारी बोंबीलवाल्यांकडेही वरणभातच, तर त्या दिवशी तो दुसऱ्या माळ्याकडे फिरकायचा नाही. पहाटे नळाला पाणी आलं की बायकांबरोबर उठून हंड्या-कळश्यांच्या रांगेत बसायचा, जणू त्याचाही नंबर आहे. एकदा टॅक्सीखाली त्याचा पाय सापडला. दुसरी टॅक्सी त्याला घेईना, तेव्हा चाळीतल्या पोरांनी हातगाडीवर घालून परळला बैलघोडा हॉस्पिटलात नेला. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे त्याचं खरं नाव तेव्हा आमच्यापैकी कोणाला माहीत असायला! मोती पुढे तीन पायांवर चालायचा आणि चौथा फक्त भांडणात टेकवायचा.

अशाच मोत्यांवरून या शहरात दंगल झालेली आहे. 1832 साली इंग्रजांनी बेवारस कुत्री मारायची मोहीम काढली, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडले. आता एखाद्या बाईने गेटपाशी दूध-भात ठेवला तरी सोसायटीची खास सभा लागते.

आमच्या घरातही सध्या हाच विषय आहे. मुलगी म्हणते, रस्त्यावरचं पिल्लू आणू. उकाड्याची सवय त्याच्या रक्तातच आहे, रेबीज आणि लेप्टोच्या लसी वेळेवर दिल्या की झालं. बरोबर आहे तिचं. मी म्हटलं, जुलैच्या धो धो पावसात सकाळी सहाला त्याला खाली कोण नेणार?

"तू," ती म्हणाली.

बारा-पंधरा वर्षं सहज जगतात ती. मला आता एकसष्टावं लागलंय.