तुम्ही विचारलंत म्हणून: पालकांना मी कडुलिंबाखाली का बसवतो

"सर, पोरगं डोळ्यासमोर चुकायलंय, आम्हाला इथनं दिसतंय, तुम्ही दहा बॉल झाले तरी काही बोलत नाही आणि आम्ही बोललो की आम्हालाच त्या कडुलिंबाखाली पाठवता, मग टिप्स देणार कधी?"

मी सोलापुरात पोरांना गोल्फ शिकवतो आणि दर रविवारी पालकांपैकी कोणी ना कोणी हे विचारतंच. मागच्या आठवड्यात एका मुलीच्या आजोबांनी विचारलं, जरा रागानेच, आणि होटगी रोडच्या त्या माळावर आठ वाजताच ऊन चढलेलं, त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर वाटलं की एकदा सगळं लिहूनच काढावं, दर वेळी अर्धवट बोलून समोरच्याचा गैरसमज तसाच राहतो.

आधी हे की मी टिप्स देत नाही हे खरं नाही. पहिले दोन महिने माझ्याकडचं पोरगं होलपासून दोन फुटांवर उभं असतं, हातात फक्त पटर, म्हणजे बॉल जमिनीवरनं होलकडे ढकलायचा क्लब, आणि सगळ्यात जास्त भांडण इथेच होतं कारण घरच्यांना ड्रायव्हर, सगळ्यात लांब मारायचा क्लब, बघायचा असतो, लांब गेलेला बॉल मोबाईलमध्ये पकडायचा असतो. हिशोब करून बघा की. पार ७२ च्या, म्हणजे अठरा होलना मिळून ७२ फटके धरलेल्या कोर्सवर प्रत्येक होलला दोन पट, पटरचे फटके, धरलेले असतात, म्हणजे ३६ फटके, बरोबर अर्धे, ग्रीनवरचे, होलभोवतीच्या बारीक गवतावरचे. ड्रायव्हर फार तर चौदा वेळा बॅगेतून निघतो. होल १०८ मिलिमीटरचं आणि बॉल ४२.६७ चा, शेजारी शेजारी ठेवले तर अडीच बॉल मावतील एवढी जागा आहे, पण दहा वर्षांच्या पोराला ते कळायला बॉल आत पडायचा आवाज शेकडो वेळा कानावर यावा लागतो. मग तीन फूट, मग सहा. लांबच्या पटला आधी अंतर, मग दिशा, आणि चुकलाच तर बॉल होलच्या पुढे फूट-दीड फुटावर थांबावा, अलीकडे नको. घरी सराव करायचा तर फरशीवर आपली चादर ताणून अंथरा, काठाची सरळ रेघ आहेच तिच्यावर, टोकाला एक वाटी आडवी ठेवा. यासाठी वेगळी मॅट विकत घेऊ नका.

ग्रिपचं म्हणाल तर क्लब बोटांत धरायचा, तळव्यात नाही, आणि किती घट्ट विचाराल तर कडक भाकरी हातात धरतो तेवढा. सुटली नाही पाहिजे आणि मोडलीही नाही पाहिजे. क्रिकेट खेळून आलेली पोरं आवळून धरतात, मनगट अडकतं आणि बॉल उजवीकडे वळत जातो. लहान हात असतील तर दहाही बोटं क्लबवर ठेवली तरी चालतं, एका हाताच्या करंगळीची आणि दुसऱ्याच्या तर्जनीची गुंतवळ नंतर शिकता येते.

चिप, म्हणजे ग्रीनजवळचा छोटा फटका, मी सात नाहीतर आठ नंबरच्या आयर्नने, लोखंडी डोक्याच्या क्लबने, शिकवतो कारण आपली जमीन मुरमाड, वेज, म्हणजे जास्त तिरक्या तोंडाचा क्लब, आपटला की उसळतो आणि बॉलच्या डोक्यावर बसतो. बॉल थोडासा उडवायचा आणि बाकी घरंगळू द्यायचा. तो वर उचलायचा नसतो, उचलायचं काम क्लबच्या तिरक्या तोंडाचं आहे, आपण खाली मारायचं. रांगोळीची एक रेघ ओढा, बॉल न ठेवता नुसता स्विंग करा, क्लब रेघेच्या पुढे जमिनीला घासला पाहिजे. मागे घासत असेल तर वजन मागच्या पायावरच राहिलंय. आणि आपला साधा टेरी टॉवेल छातीवरनं आडवा दोन्ही काखांत धरून अर्धा स्विंग करायचा, टॉवेल पडला तर हात अंगापासून सुटले, एवढं त्या पोराला स्वतःलाच कळतं, कोणी ओरडायची गरज नाही.

मोठ्या माणसाचा क्लब कापून पोराला देऊ नका. शाफ्ट, म्हणजे दांडा, आखूड केला की आणखी ताठ होतो, डोकं तेवढंच जड राहतं, आणि पोरगं तो पेलायला कमरेतनं वाकडं होतं. तीनच क्लब घ्या, पटर, सात नंबर, एक वेज, पण त्याच्या उंचीचे. जोराचे पूर्ण स्विंग मी सकाळी तीसच्या वर मारू देत नाही, झपाट्याने उंच होणाऱ्या पोराच्या पाठीला ते झेपत नाही.

तर हे सगळं मी सांगतो. पण एका सकाळी एकच. स्विंग दीडेक सेकंदात संपतो, त्यात डोकं, कोपर, मनगट, गुडघा असं सगळं कुठे मावणार? आणि पालक बोलले की मी सांगितलेली ती एक गोष्टही जाते.

पण हे झालं तांत्रिक उत्तर, आजोबांना मी तेच दिलं आणि त्यांना ते पटलं नाही. खरं कारण माझी धाकटी मुलगी आहे.

ती बारा वर्षांची असताना पुण्यात ज्युनिअर मुलांची एक छोटी स्पर्धा होती, नऊ होलची. आदल्या दिवशीच हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन नातेवाईकांकडे राहिलो. तोवर दोन वर्षं मी तिला रोज सकाळी शिकवत होतो आणि प्रत्येक फटक्यानंतर बोलत होतो, म्हणजे प्रत्येक, अगदी चांगल्या फटक्यानंतरसुद्धा. स्पर्धेत बोलता येणार नाही म्हणून आम्ही खुणा ठरवल्या होत्या. टोपीला हात लावला की तिचं डोकं हलतंय, कोपर धरलं की उजवं कोपर आत ठेव, छातीवर हात म्हणजे घाई करू नको. आपल्या कॅडीशिवाय, म्हणजे बॅग वाहणाऱ्या साथीदाराशिवाय, दुसऱ्या कोणाकडे सल्ला मागायचा नाही असा खेळाचा नियम आहे, तो मला माहीत होता. सकाळी पालकांना वेगळं सांगितलंही होतं. मी मनाशी म्हणलं, हा कुठे सल्ला आहे, ही नुसती आठवण आहे.

सातव्या होलला तिला अडीच फुटांचा पट उरला. अडीच फूट, असे हजारो तिने मारले होते. ती उभी राहिली, माझ्याकडे बघितलं, मी टोपीला हात लावला. ती मागे झाली. परत उभी राहिली, परत बघितलं, मी परत टोपीला हात लावला आणि मग छातीवरही ठेवला. तिसऱ्यांदा ती माझ्याकडे बघायला लागली तेव्हा ग्रीनच्या कडेला उभ्या असलेल्या पंच बाई तिच्याजवळ गेल्या. मी वीस-पंचवीस पावलांवर होतो, सगळं ऐकू येत होतं. त्यांनी हळूच विचारलं, "बेटा, तू कोणाकडे बघतेस?"

तिला सहज म्हणता आलं असतं की कोणाकडे नाही. ती म्हणाली, "अप्पांकडे. ते सांगतात."

"आधीपासनं ठरलंय तुमचं?"

"हो."

दोन स्ट्रोकची पेनल्टी, म्हणजे कार्डावर दोन फटके जास्तीचे. बाई रागावल्या नाहीत, मला फक्त मागच्या रस्त्यापर्यंत जायला सांगितलं. मी मागे सरताना तिने पट मारला, या वेळी माझ्याकडे न बघता, आणि बॉल होलच्या कडेला घासून चार फूट पुढे गेला. पुढचे दोन होल तिने कसे खेळले मला माहीत नाही, मी झाडांच्या पलीकडे होतो. कार्डावर ते दोन स्ट्रोक तिने स्वतः लिहिले, आकडा नीट गोल काढून.

संध्याकाळच्या हुतात्मात ती खिडकीला बसली. दौंड गेलं. डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी होती, तिने हात लावला नाही. मी काय करत होतो सांगू का, मी तिला समजावत होतो की त्या पटला डोकं खरंच हललं होतं. कुर्डुवाडी आलं तेव्हा ती म्हणाली, "अप्पा, मी बॉलकडे बघतच नव्हते. दोन वर्षं झाली, मी तुमच्याकडेच बघायलेय."

त्यानंतर तिने क्लब हातात घेतला नाही. भांडली नाही, रडली नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी उठलीच नाही. मी पंधरा दिवस बॅग दाराशी तशीच ठेवली होती.

तेव्हाचा मी अजून माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, तू सांगितलेलं एक तरी चुकीचं होतं का? डोकं हलत होतं, कोपर बाहेर जात होतं, बापाने बघून गप्प बसायचं का? आणि हल्ली पालकही तेच म्हणतात, वर आपल्या भारताच्या गोल्फर अदिती अशोकचं नाव घेतात. बरोबर आहे त्यांचं. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये तिची बॅग वडिलांच्या खांद्यावर होती, टोकियोला आईच्या, आणि टोकियोत ती चौथी आली, ब्राँझ एका स्ट्रोकने गेलं, पुढे २०२३ मध्ये हांगझोच्या एशियन गेम्समध्ये सिल्व्हर आणलं. मग आई-वडील जवळ असणं वाईट कसं? मी म्हणतो की कॅडीने बोलणं नियमातच बसतं, मी चोरून बोलत होतो. असंही म्हणतो की टोकियोत अदिती लांब मारण्यात बऱ्याच जणींच्या मागे होती आणि पटिंगवर टिकली, पटिंग शेवटी ज्याचं त्यालाच करावं लागतं. पण खरं सांगायचं तर हे उत्तर मलाच पुरत नाही. कुठले आई-बाप जवळ असले तर पोराला बळ येतं आणि कुठल्यांची सावली पडते हे माळावर बघून मला ओळखता येत नाही. ओळखता आलं असतं तर काही जणांना मी जवळ उभं केलं असतं. येत नाही म्हणून सगळ्यांना कडुलिंबाखाली बसवतो. यात एखाद्यावर अन्याय होत असेल, आजोबा, कदाचित तुमच्यावरच झाला असेल.

मुलगी आता पुण्याला कॉलेजात आहे. मागच्या गड्ड्याच्या जत्रेला घरी आली होती तेव्हा एका सकाळी न सांगता माळावर आली, पोरांच्या ढिगातला एक पटर उचलला आणि बाजूला एकटीच मारत बसली, वीसेक मिनिटं. मी कडुलिंबाखाली जाऊन बसलो. शेवटी पटर खांद्यावर टाकून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बोला की आता काहीतरी."

मी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलो. डोकं अजून हलतं तिचं.