टीव्ही गप्प बसत नाही

आमच्याकडे सिनेमा लागला की मी कधीकधी टीव्ही लॅपटॉपच्या हॉटस्पॉटला जोडते आणि वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून काय येतं-जातं ते दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडून बसते. नवऱ्याच्या मते हा रिकामा उद्योग आहे. असेल. पण फिल्टरमध्ये ‘डीएनएस’ (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी यंत्रणा) टाकलं की स्क्रीनवर जे सरकायला लागतं, ते कित्येक सिनेमांपेक्षा रंगतदार असतं. अ‍ॅप उघडल्याबरोबर लॉगिनच्या सर्व्हरची विचारणा, मग पोस्टरच्या चित्रांची, मग व्हिडिओ जिथून येणार त्या सीडीएनची, म्हणजे ठिकठिकाणी ठेवलेल्या सर्व्हरच्या जाळ्याची. मध्येच जाहिरातवाल्यांची आणि आकडेमोड करणाऱ्या कंपन्यांची नावं, जी मी कुठल्याच मेनूत निवडलेली नाहीत. आणि हे सगळं पोर्ट ५३ वरून, म्हणजे डीएनएससाठी ठरलेल्या दारातून, साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांत.

डीएनएसची रचना पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली, तेव्हा ही विचारणा मधल्या कुणापासून लपवावी असं कुणाच्या डोक्यात नव्हतं. आज व्हिडिओ एन्क्रिप्ट होऊन येतो, पण त्याचा पत्ता मात्र चव्हाट्यावर विचारला जातो. मी कुठली मालिका बघतेय हे त्यातून कळत नाही. कुठली सेवा, किती वाजता, बऱ्याचदा कुठल्या प्रकारच्या उपकरणातून, हे इंटरनेट पुरवणाऱ्याला बसल्या जागी कळतं. रोजच्या नोंदी साठल्या की घरातली माणसं कधी झोपतात याचाही अंदाज येतो.

यावरचे, म्हणजे ही विचारणाच एन्क्रिप्ट करण्याचे, दोन मार्ग आता रुळलेत. २०१६ चं डीएनएस ओव्हर टीएलएस, ज्याला ८५३ हे स्वतंत्र पोर्ट आहे, आणि २०१८ चं डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस (डीओएच), जे ४४३ वरून बाकीच्या वेब रहदारीत मिसळून जातं. गुप्ततेच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. ८५३ ओळखून अडवणं सोपं, एवढाच काय तो फरक.

फोनवर हे दोन मिनिटांचं काम आहे. अँड्रॉइड ९ पासून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असतं. तिथला ‘ऑटोमॅटिक’ पर्याय मला पटत नाही: समोरच्या सर्व्हरला एन्क्रिप्शन जमलं तर ठीक, नाहीतर तो चूपचाप उघड्या डीएनएसवर उतरतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. त्यापेक्षा क्वाड९ किंवा क्लाउडफ्लेअरसारख्या डीएनएस सेवेचं होस्टनेम स्वतः टाकावं. मग एन्क्रिप्शन जमलं नाही तर नेट सरळ बंद पडतं. लॉगिन पान दाखवणाऱ्या सार्वजनिक वायफायवर याचा वैताग येतो, तेवढ्यापुरतं ते बंद करावं लागतं. मला चालतं.

स्ट्रीमिंगपुरती एक गोम आहे. बऱ्याच सीडीएन डीएनएस सर्व्हर कुठे आहे ते बघून तुम्हाला जवळचा व्हिडिओ सर्व्हर देतात. गूगलचा डीएनएस सर्व्हर ८.८.८.८ तुमच्या आयपी पत्त्याचा काही भाग पुढे कळवू शकतो, त्यामुळे निवड नेमकी होते, पण गुप्तता तेवढी कमी. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ आणि क्वाड९ चा ९.९.९.९ तो भाग कळवत नाहीत. बदल केल्यावर चित्र धूसर राहायला लागलं, तर एन्क्रिप्शनला शिव्या घालण्याआधी सेवा बदलून बघा. एन्क्रिप्शनमुळे वेळ जातो तो सुरुवातीच्या विचारणेत, काही मिलिसेकंद. चालू व्हिडिओच्या वेगाशी त्याचा संबंध नाही.

आता यातून काय होत नाही तेही बोलू, कारण व्हीपीएनची स्वस्त आवृत्ती म्हणून हे खपवलं जातं. तुमचा आयपी पत्ता लपत नाही, दुसऱ्या देशातला कॅटलॉग उघडत नाही. साइटशी होणाऱ्या एन्क्रिप्टेड (टीएलएस) जोडणीच्या पहिल्याच निरोपात साइटचं नाव बहुतेक वेळा उघडंच जातं. ते झाकणारं ईसीएच हे तंत्र तुमच्या आणि साइटच्या, दोन्ही टोकांना असेल तरच चालतं. शिवाय विचारणा आता इंटरनेट पुरवणाऱ्याऐवजी डीएनएस सेवेला दिसते, म्हणजे भरवसा एकाकडून काढून दुसऱ्यावर टाकला. म्हणून त्या सेवेचं नोंदी ठेवण्याचं धोरण वाचूनच मी निवड करते.

खरा हट्टी निघाला तो टीव्ही. त्यात एन्क्रिप्टेड डीएनएसची सोयच नाही, म्हणून ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं सॉफ्टवेअर घातलेल्या राउटरवर डीओएच प्रॉक्सी बसवली, म्हणजे घरातल्या विचारणा एन्क्रिप्ट करून पुढे पाठवणारा मध्यस्थ. तरी टीव्हीतलं एक अ‍ॅप राउटरला न जुमानता थेट ८.८.८.८ ला विचारत होतं. मग फायरवॉलमध्ये नियम टाकला: आतून पोर्ट ५३ वर जे काही निघेल, ते राउटरकडेच वळवायचं. अ‍ॅपला त्याचा पत्ता नाही, ते आपलं सुखाने चाललंय.

एक गोष्ट मात्र डीएनएसच्या एन्क्रिप्शनच्या आवाक्याबाहेरची: एसीआर, म्हणजे पडद्यावर काय दिसतंय ते टीव्हीनेच ओळखून कंपनीला कळवणं. परवानगी न घेता हे केल्याच्या प्रकरणात व्हिझिओ या टीव्ही कंपनीने २०१७ साली अमेरिकेत २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. ते बंद करायचं बटण टीव्हीच्याच सेटिंगमध्ये असतं, बहुधा ‘व्ह्यूइंग डेटा’ किंवा असल्याच एखाद्या सोज्वळ नावाखाली. माझ्या टीव्हीत ते गोपनीयतेच्या मेनूत नव्हतंच, ‘सामान्य’ मध्ये पार तळाशी होतं.